‘त्सुनामी’ मतांची आणि समुद्राची

अलिबाग : अलिबागच्या किनाऱ्यावर समुद्र मागे सरू लागला की गर्दी पुढे सरकू लागते. ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत पायी जाता येते, हे मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पर्यटकांना ठाऊक असते. ओल्या वाळूवरून, घोट्याएवढ्या पाण्यातून, कुणी घोडागाडीत बसून, कुणी लेकरांना खांद्यावर घेऊन आंग्र्यांच्या या जलदुर्गाकडे निघतो. पुन्हा भरती लागण्याआधी परत फिरायचे, एवढे पथ्य पाळले की झाले. या किनाऱ्यावर मागे सरणारे पाणी म्हणजे एक आमंत्रणच असते.

मात्र एक शब्द असा आहे, की त्याचा खरा अर्थ जाणणारा माणूस अवेळी मागे सरणारे पाणी पाहताच किल्ल्याकडे पाठ फिरवील आणि गावाच्या दिशेने धावत सुटेल. तो शब्द म्हणजे ‘त्सुनामी’. मराठी वाचकाला तो मुळीच नवा नाही. निवडणुकीच्या निकालात मतांची त्सुनामी येते, साथीच्या काळात रुग्णांची येते, सणासुदीला सवलतींची येते. गेल्या दोन दशकांत हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे, की तो परक्या भाषेतून आला याचाही विसर पडावा. प्रश्न एवढाच आहे, की शब्द रुळताना त्याच्याबरोबर त्याचा अर्थ कितपत आला? रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी आणि तेथे सुटी घालवायला जाणाऱ्यांसाठी हा प्रश्न केवळ भाषेचा नाही.

बंदरातील लाट

जपानी भाषेत ‘त्सु’ म्हणजे बंदर आणि ‘नामी’ म्हणजे लाट. ‘त्सुनामी’ म्हणजे बंदरातील लाट. एवढ्या मोठ्या संकटाला इतके साधे नाव का मिळाले असावे, याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. खोल समुद्रात मासेमारी करणाऱ्यांना ही लाट जाणवतच नसे. ते नेहमीप्रमाणे घरी परतत आणि पाहत तो बंदर, घरे, माणसे सारे वाहून गेलेले. त्यांच्या दृष्टीने ही लाट समुद्रात आलीच नव्हती, ती आली होती बंदरात. १५ जून १८९६ रोजी जपानच्या सानरिकू किनाऱ्यावर नेमके हेच घडले. सुमारे बावीस हजार माणसे त्या रात्री मरण पावली आणि समुद्रावर गेलेल्या कोळ्यांना दुसऱ्या दिवशी परतेपर्यंत त्याचा पत्ता नव्हता. याच दुर्घटनेच्या सुमारास हा शब्द इंग्रजी नियतकालिकांतून आणि पुस्तकांतून जगभर पसरू लागला.

जपानी शब्द मराठीला अगदीच परके नाहीत. रोज ज्या वाहनाला आपण हात करतो ती ‘रिक्षा’ मूळच्या जपानी ‘जिन्‌रिकिशा’ची, म्हणजे माणसाने ओढायच्या गाडीची, वंशज आहे. ‘हायकू’ हा जपानी निसर्गकवितेचा प्रकार शिरीष पै यांनी मराठीत रुजवला. कराटे, सुडोकू, इमोजी हे त्यानंतरचे पाहुणे.

‘त्सुनामी’ मराठीत खऱ्या अर्थाने आली ती २६ डिसेंबर २००४ नंतर. त्या आठवड्यात वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांपुढे लेखनाचाच पेच उभा राहिला. कुणी ‘सुनामी’ लिहिले, कुणी ‘त्सुनामी’, कुणी दोन्ही. इंग्रजी आणि हिंदी बोलणाऱ्यांना शब्दाच्या आरंभीचा ‘त्स’ जड जातो, म्हणून ते बहुधा ‘सु’ म्हणतात. मराठी माणसाला मात्र हा उच्चार शिकण्याची गरजच नाही. ‘चूल’, ‘चुना’, ‘चूक’ या शब्दांतील ‘च’ आपण ज्या तऱ्हेने उच्चारतो, जवळजवळ तोच हा जपानी ‘त्स’. व्याकरणात त्याला दंततालव्य ‘च’ म्हणतात. ‘चहा’तला आणि ‘चूल’मधला ‘च’ वेगळे आहेत, हे मराठी कानाला सांगावे लागत नाही, पण लिपीत दोहोंसाठी एकच अक्षर असल्याने आपण पाहुण्या शब्दासाठी ‘त्सु’ असे जोडाक्षर घडवले.

मराठीने या शब्दाला स्त्रीलिंगही दिले. ‘त्सुनामी आली’ असेच आपण म्हणतो. शेवटची दीर्घ ‘ई’ आणि मनातील ‘लाट’ या दोहोंचा तो परिणाम असावा. ‘त्सुनामी लाटा’ हा प्रयोगही रूढ झाला. अर्थाच्या दृष्टीने ती द्विरुक्ती आहे, कारण ‘नामी’ म्हणजेच लाट. पण पोर्तुगीज भाषेत ‘पाव’ म्हणजेच रोटी असताना आपण ‘पावरोटी’ म्हणतोच. परका शब्द घरात घेताना भाषा त्याच्या शेजारी आपला एखादा ओळखीचा शब्द बसवते. येथे तो ‘लाट’ होता, आणि पुढचा गोंधळ त्यातूनच निर्माण झाला.

आपल्या समुद्राचे शब्द

समुद्राचे शब्द रोजच्या बोलण्यात आणणे ही मराठीची जुनी सवय आहे. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या कोळीवाड्यांत आणि खारेपाटातील शेतकऱ्यांत आजही ज्या शब्दांवर दिवसाचे गणित चालते, त्यांतले कितीतरी शहरातल्या माणसाच्या तोंडी आहेत. मूळ अर्थ मात्र त्याच्या ध्यानात असतोच असे नाही.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी आणि ओहोटीही मोठी असते. हे ‘उधाण’. अष्टमीच्या आसपास दोहोंतील अंतर कमी होते. हा ‘भांग’. पाणी पुरते उतरले की ‘सुकती’. भरतीची वेळ काढण्याचा एक ढोबळ हिशेब या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पुढे सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. घड्याळ आणि वेधशाळेचे तक्ते येण्याच्या कितीतरी आधीपासून होड्या याच हिशेबावर बाहेर पडत.

हेच शब्द किनारा सोडून वर आले आणि आनंदाला ‘उधाण’ आले, लोकप्रियतेला ‘ओहोटी’ लागली. सैन्यात, पोलिसांत ‘भरती’ होऊ लागली. थंडीची लाट, उष्णतेची लाट, सहानुभूतीची लाट आली आणि ओसरलीही. या लाक्षणिक प्रयोगांनी मूळ अर्थाला धक्का लावला नाही. ‘आनंदाला उधाण’ म्हणणाऱ्या पेणच्या शेतकऱ्याला खरे उधाण चांगलेच ठाऊक असते. खारबांध फुटून भाताच्या खाचरात खारे पाणी शिरले की पुढची काही वर्षे ती जमीन पिकत नाही, हे त्याला कुणी समजावून द्यावे लागत नाही. मूळ अनुभव पक्का होता, म्हणून त्यावर उभा राहिलेला अलंकारही पक्का राहिला.

‘त्सुनामी’च्या बाबतीत उलटे घडले. या किनाऱ्याच्या जिवंत स्मरणात मूळ अनुभव नव्हताच. अलंकार मात्र घरोघर पोहोचला.

‘लाट’ अपुरी पडते तेव्हा

निवडणुकीतील ‘लाट’ जुनी आहे. १९७१ मध्ये इंदिरा लाट होती, १९७७ मध्ये जनता लाट, १९८४ च्या अखेरीस सहानुभूतीची लाट. तोवर लाट हाच शब्द पुरेसा होता. २००४ नंतर त्याहून मोठा शब्द हाताशी आला आणि २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत ‘ही लाट नव्हे, त्सुनामी आहे’ अशी वाक्ये सभांतून आणि वृत्तवाहिन्यांच्या पडद्यांवरून सर्रास ऐकू आली. त्यानंतरच्या प्रत्येक मोठ्या निकालात, पक्ष कोणताही असो, हा शब्द परत येत राहिला आहे.

करोनाच्या साथीत तो आणखी एका अर्थाने वापरला गेला. २२ नोव्हेंबर २०२० रोजी जनतेशी संवाद साधताना तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी दुसऱ्या लाटेचा इशारा दिला तो त्सुनामीच्याच उपमेने. २९ डिसेंबर २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रोस यांनीही डेल्टा आणि ओमिक्रॉन मिळून रुग्णांची त्सुनामी आणतील, अशी भीती व्यक्त केली होती. निवडणुकीतील त्सुनामी विजयाची होती, साथीतील संकटाची. दोहोंत समान काय, तर आकारमान. मराठीत ‘त्सुनामी’चा लाक्षणिक अर्थ ‘लाटेपेक्षा मोठी लाट’ एवढाच उरला.

खुद्द जपानमध्ये हा शब्द कसा वापरला जातो, हे येथे पाहण्यासारखे आहे. लाक्षणिक प्रयोग तेथेही होत होता. २००० साली ‘सदर्न ऑल स्टार्स’ या लोकप्रिय वाद्यवृंदाचे ‘त्सुनामी’ याच नावाचे प्रेमगीत आले. विरहाच्या आवेगाला त्यात ही उपमा होती. त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या आणि त्या वर्षीचा तेथील मानाचा संगीत पुरस्कारही त्याला मिळाला. पुढे ११ मार्च २०११ रोजी तोहोकू किनाऱ्यावर खरी त्सुनामी आली. मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे वीस हजार माणसे गेली. त्यानंतर अनेक नभोवाणी केंद्रांनी हे गीत लावणे टाळले. कोणी बंदी घातली नव्हती. ऐकणाऱ्यांत कोण असेल आणि त्याने काय गमावले असेल, याचा विचार करून घेतलेला तो निर्णय होता. ज्याचे जळते त्याला कळते, असे आपण म्हणतो. जपानमध्ये या शब्दाला वजन आहे, कारण त्या वजनाखाली गावेच्या गावे गेली आहेत.

म्हणून मराठीने हा शब्द लाक्षणिक अर्थाने वापरूच नये, असे कुणी म्हणणार नाही. भाषा अशा आज्ञा पाळत नाही. मात्र अलंकाराने मूळ शब्दातील काय उचलले आणि काय मागे टाकले, हे पाहिले पाहिजे.

अलंकारातून काय निसटले?

‘लाटेपेक्षा मोठी लाट’ ही कल्पना मनात असलेला माणूस समुद्राकडे पाहतो तेव्हा क्षितिजावर उंच भिंतीसारखे काही तरी उभे राहण्याची वाट पाहतो. प्रत्यक्षात त्सुनामी बहुधा तशी येत नाही.

नेहमीच्या लाटा वाऱ्याने उठतात आणि पाण्याचा वरचा थर हलवतात. उधाणाची भरती चंद्र-सूर्याच्या आकर्षणाने येते. चक्रीवादळात किनाऱ्यावर चढणारे पाणी वारा ढकलून आणतो. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकलेल्या ‘निसर्ग’ने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हा त्याची चाहूल वेधशाळेच्या इशाऱ्यांतून आणि आकाशातूनही आधीपासून लागली होती. त्सुनामीचा वाऱ्याशी, आकाशाशी, तिथीशी काहीही संबंध नसतो. समुद्राचा तळच भूकंपाने उचलला किंवा खचला की त्यावरचा पाण्याचा सबंध स्तंभ तळापासून पृष्ठभागापर्यंत हलतो. ही हालचाल चार हजार मीटर खोल समुद्रात ताशी सुमारे सातशे किलोमीटर, म्हणजे जेट विमानाच्या वेगाने प्रवास करते. तेथे तिची उंची हातभरही नसू शकते आणि एका लाटेची लांबी शंभर किलोमीटरहून अधिक असू शकते. त्यामुळे होडीतल्या माणसाला काही जाणवत नाही. पाणी उथळ होत जाते तसा वेग कमी होतो, मागून येणारे पाणी पुढच्यावर चढते आणि उंची वाढते. दहा मीटर खोलीवर वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास येतो. तोही धावत्या माणसाला मागे टाकणाराच असतो.

किनाऱ्यावर पोहोचलेली त्सुनामी अनेकदा फुटत्या लाटेऐवजी न थांबणाऱ्या भरतीसारखी आत येत राहते. नेहमीची लाट काही सेकंदांत परतते, ही कित्येक मिनिटे चढत राहते. उंची दीड-दोन मीटरच असली तरी मागे शेकडो मीटर पाण्याचा रेटा असतो. गुडघाभर वाहत्या पाण्यातही माणसाचा पाय टिकत नाही. खाड्यांच्या मुखातून ती आत, गावांच्या मागच्या अंगालाही पोहोचू शकते. धरमतर, रेवदंडा, राजपुरी आणि बाणकोट अशा खाड्यांनी कापलेल्या रायगडच्या किनाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवायला हवे.

अलंकारातून निसटलेल्या आणखी दोन गोष्टी याहून महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे पाणी मागे सरणे. लाटेचा खोलगट भाग आधी पोहोचला तर समुद्र काही मिनिटांतच इतका ओसरतो, की एरवी कधी न दिसणारे खडक आणि तळ उघडे पडतात. २००४ मध्ये थायलंडच्या बाजूला असेच घडले. तडफडणारे मासे पाहायला माणसे पुढे गेली आणि परतली नाहीत. भारत-श्रीलंकेच्या बाजूला मात्र आधी पाणी चढले. म्हणजे समुद्र मागे सरला तर तो धोक्याचा इशारा खराच, परंतु तो सरला नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे त्सुनामी ही एक लाट नसते. ती लाटांची मालिका असते. दोन लाटांत दहा मिनिटांपासून तासाभराहूनही अधिक अंतर असू शकते आणि पहिली लाट सर्वांत मोठी असेलच असे नाही. पहिले पाणी उतरल्यावर घर पाहायला, बोट सावरायला परतलेल्यांचे बळी जगभर गेले आहेत. राजकारणातील त्सुनामी एकदा येते आणि मतमोजणीनंतर संपते. समुद्रातील त्सुनामी संपली की नाही, हे पाण्याकडे पाहून ठरवता येत नाही.

आपलीही एक सकाळ

त्सुनामी पूर्व किनाऱ्यावर येते, आपल्याकडे येत नाही, असा एक समज आहे. २००४ मध्ये तमिळनाडूत सुमारे आठ हजार माणसे गेली आणि कोकण सुरक्षित राहिले, त्यामुळे तो दृढ झाला. इतिहास तसे सांगत नाही.

२८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास अरबी समुद्राच्या उत्तर टोकाला, आजच्या पाकिस्तानातील मकरान किनाऱ्यालगत, सुमारे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. अरबी भूपट्ट तेथे युरेशियन भूपट्टाखाली सरकतो आहे. भूकंपातून उठलेली त्सुनामी हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून सकाळी सव्वाआठच्या सुमारास मुंबईला पोहोचली. तिची उंची सुमारे दोन मीटर होती. बंदरातील होड्या दोर तोडून वाहून गेल्या. वर्सोवा, हाजी अली, जुहू, दांडा येथे पाणी चढल्याच्या नोंदी आहेत आणि मुंबईत सुमारे पंधरा माणसे समुद्राने ओढून नेली. मुंबई बंदराच्या पलीकडच्या तीरावर उरण, रेवस, मांडवा आहेत. त्या सकाळची नोंद मुंबईच्या नावे झाली असली तरी समुद्र तोच होता.

तारखा आणि तिथी शेजारी ठेवल्या तर आणखी एक गोष्ट दिसते. २६ डिसेंबर २००४ हा दिवस मार्गशीर्ष पौर्णिमेचा होता. त्यामुळे ‘मोठे उधाण आले’ असे पुष्कळांना वाटणे स्वाभाविक होते. २८ नोव्हेंबर १९४५ हा दिवस मात्र पौर्णिमेनंतर नऊ दिवसांचा, म्हणजे ऐन भांगाचा. पंचांगाच्या हिशेबाने त्या सकाळी समुद्र शांत असायला हवा होता. तिथीची पाऊणपट करून त्सुनामीची वेळ निघत नाही. उलट, ज्याला तो हिशेब येतो त्याला पाणी अवेळी वागते आहे हे इतरांआधी कळू शकते. ओहोटीला उतरायला सहा तास लागतात. तेवढे पाणी सहा-आठ मिनिटांत उतरले तर ती ओहोटी नव्हे.

याहून जुना एक प्रसंग पोर्तुगीजांनी नोंदवून ठेवला आहे. १५२४ च्या सप्टेंबरमध्ये वास्को द गामाचा ताफा दाभोळनजीकच्या समुद्रात असताना वारा नसताही जहाजे एकाएकी थरथरू लागली आणि खलाशी घाबरले. समुद्रतळाच्या भूकंपाचे ते वर्णन मानले जाते. रायगड जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरील बाणकोटची खाडी ओलांडली की थोड्याच अंतरावर रत्नागिरी जिल्ह्यातील केळशी लागते. तेथील वाळूच्या टेकाडाचा अभ्यास डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी केला. पुढे भूवैज्ञानिक सी. पी. राजेंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील शंख-शिंपल्यांच्या थराचा संबंध १५२४ च्या त्सुनामीशी आणि मकरानमधील मोठ्या भूकंपाशी जोडला. असे थर त्सुनामीने टाकले की एखाद्या मोठ्या वादळाने, हा वादाचा विषय असतो. या अभ्यासाच्या शीर्षकात मात्र आपल्या विषयाला धरून एक गंमत आहे. जिचा भूकंप ठाऊक नाही अशा त्सुनामीला शास्त्रज्ञ ‘अनाथ त्सुनामी’ म्हणतात. जानेवारी १७०० मध्ये जपानमध्ये अशीच एक त्सुनामी आली होती. तिचा ‘जनक’ भूकंप पॅसिफिकच्या पलीकडे, उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर झाला होता, हे सुमारे तीनशे वर्षांनी उलगडले. म्हणजे शास्त्रज्ञही अलंकार वापरतातच. फरक एवढाच, की त्यांच्या अलंकारातून शोधाची पुढची दिशा कळते.

एका शब्दाने वाचवलेले बेट

शब्दाने जीव वाचतो, हे केवळ बोलण्यापुरते नाही. इंडोनेशियातील सिमेउलुए हे बेट २००४ च्या भूकंपाच्या केंद्रापासून अगदी जवळ आहे. लोकसंख्या सुमारे ७८ हजार. भूकंपानंतर काही मिनिटांतच त्सुनामी तेथे पोहोचली, गावे उद्ध्वस्त झाली, पण माणसे दगावली ती फक्त सात. त्याच प्रांताच्या मुख्य भूमीवर, आचेमध्ये, दीड लाखांहून अधिक माणसे गेली.

सिमेउलुएच्या लोकांकडे भोंगे नव्हते, यंत्रे नव्हती. त्यांच्याकडे ‘स्मोंग’ हा शब्द होता. १९०७ मध्ये या बेटावर त्सुनामी येऊन मोठी जीवितहानी झाली होती. त्या पिढीने ही आठवण अंगाईगीतांतून आणि कथांतून नातवंडांपर्यंत पोहोचवली. जमीन जोराने हादरली, समुद्र मागे गेला, तर थांबू नका, डोंगरावर जा. ‘स्मोंग’ म्हणजे एवढे सगळे. २००४ च्या त्या सकाळी कुणीतरी ‘स्मोंग’ असे ओरडले आणि गावे डोंगराकडे धावली. काय करायचे हे त्या शब्दातच साठवलेले होते, अर्थ विचारण्याची गरज पडली नाही.

अलिबागच्या किनाऱ्यावर उद्या कुणी ‘त्सुनामी’ असे ओरडले तर काय होईल? काही जण हसतील. काही जण भ्रमणध्वनी काढून समुद्राचे चित्रीकरण करू लागतील. बरेच जण ती कुठे दिसते हे पाहायला वाळूवर पुढे सरकतील. शब्द सर्वांना कळलेला असेल, सूचना मात्र फार थोड्यांना.

पाऊणपटीच्या हिशेबाबाहेर

सुदैवाने १९४५ आणि आजच्यात मोठा फरक पडला आहे. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात २००७ पासून त्सुनामी पूर्वसूचना केंद्र कार्यरत आहे. भूकंपमापक, समुद्रतळावरील दाबमापक आणि किनाऱ्यांवरील भरतीमापक यांच्या आधारे हिंदी महासागरातील मोठ्या भूकंपानंतर काही मिनिटांतच येथून सूचना निघते. अंदमान-सुमात्रा आणि मकरान या दोन पट्ट्यांवर विशेष लक्ष असते.

रायगडच्या दृष्टीने मकरानचा विचार करता एक अडचण आहे आणि एक सवलत. तेथील भूकंपाचा हादरा आपल्याला जाणवेलच असे नाही, म्हणजे ‘जमीन हादरली तर पळा’ ही सिमेउलुएची पहिली खूण येथे उपयोगी पडेलच असे नाही. मात्र मुंबईसमोरचा समुद्र सुमारे तीनशे किलोमीटरपर्यंत उथळ असल्याने लाटेचा वेग मंदावतो. १९४५ मध्ये ती पोहोचायला पावणेपाच तास लागले. हैदराबादहून निघालेला इशारा जिल्हा मुख्यालयापर्यंत आणि तेथून जीवना बंदरापासून मोऱ्यापर्यंत पोहोचायला एवढा वेळ पुरेसा आहे. तो माणसांपर्यंत पोहोचल्यावर त्यांना त्याचा अर्थ कळेल की नाही, हा प्रश्न यंत्रांच्या हातातला नाही.

लक्षात ठेवायच्या गोष्टी थोड्या आहेत. अधिकृत इशारा मिळाला किंवा समुद्र अवेळी आणि झपाट्याने मागे सरताना वा चढताना दिसला, तर किनारा आणि खाडीचा काठ सोडावा. मुरूड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर येथे टेकड्या जवळ आहेत. जेथे सपाटी आहे तेथे आत, उंच जागी किंवा भक्कम इमारतीच्या वरच्या मजल्यावर जावे. समुद्रात असलेल्या होड्यांनी घाईने बंदराकडे परतू नये, कारण ही लाट बंदरातली आहे, हे तिच्या नावातच सांगितले आहे. पहिले पाणी उतरले म्हणून खाली येऊ नये, प्रशासनाने धोका टळल्याचे सांगेपर्यंत थांबावे.

संयुक्त राष्ट्रांनी ५ नोव्हेंबर हा दिवस जागतिक त्सुनामी जागृती दिन म्हणून ठरवला आहे. त्यामागे जपानमधील १८५४ ची एक घटना सांगितली जाते. समुद्राची लक्षणे ओळखून हामागुची गोर्यो या गावप्रमुखाने भाताच्या पेंढ्या पेटवून दिल्या आणि त्या उजेडाने गावकऱ्यांना उंच जागेची वाट दाखवली. वर्षभर राबून पिकवलेल्या भाताची किंमत रायगडच्या शेतकऱ्याला वेगळी सांगायला नको. ते जाळायला जो तयार झाला, त्याला आपण कोणत्या शब्दासमोर उभे आहोत हे नेमके कळले होते.

मतांची त्सुनामी येत राहील, सवलतींचीही येईल. त्याला हरकत असण्याचे कारण नाही. कुलाबा किल्ल्याकडे निघालेल्या पर्यटकाने मात्र वाळूवर पाऊल टाकण्यापूर्वी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. आजची ओहोटी किती वाजता आहे, आणि जी ओहोटी त्या वेळेची नाही तिचे नाव काय आहे.